एसीतला गॅस 'संपत' नसतो

"एसीतला गॅस संपलाय" असं कुणी म्हणालं की माझं डोकं सटकतं. गाडीतलं पेट्रोल संपतं, स्वयंपाकघरातला सिलिंडर संपतो, पंचवीस तारखेपर्यंत पगारही संपतो. एसीतला गॅस संपत नाही. तो बंद नळ्यांमधून नुसता गोल गोल फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे मेमरी लीक न शोधता दर रविवारी सर्व्हर रीस्टार्ट करणं. ऑफिसात कुणी हे केलं तर रिव्ह्यूमध्ये आपण त्याला फाडून खाऊ. घरी मात्र त्याच माणसाला चहा विचारतो आणि वर दोन-तीन हजार रुपये हातावर ठेवतो!

मी सध्या नोएडात राहतो. इथे 'हॉट अँड कोल्ड' एसी बऱ्याच घरांत दिसतात. पुण्या-मुंबईच्या मंडळींना थोडक्यात सांगायला हवं: हाच एसी हिवाळ्यात उलटा चालतो. आत एक चार तोंडांचा व्हॉल्व्ह असतो, तो फिरला की गॅसची दिशा बदलते आणि घरातली उष्णता बाहेर फेकण्याऐवजी बाहेरची उष्णता ओढून घरात आणली जाते. बाहेर ६ अंश असले तरी त्या हवेत उष्णता असतेच. साधा रॉडवाला हीटर एक युनिट विजेची एक युनिट उष्णता देतो, हे यंत्र चांगल्या स्थितीत साधारण तीन देतं. उष्णता तयार करायची नसते ना, नुसती हमाली करायची असते.

पण ही हमाली हवेच्या पाठीवर होते, आणि नेमकं हेच आपण विसरतो. आपलं सगळं लक्ष रिमोटवरच्या आकड्यावर. गरम होतंय? १६ करा. अहो, खोली ३५ वर असताना तुम्ही २४ लावा की १६, कॉम्प्रेसर तसाही जीव खाऊन धावत असतो. आकडा फक्त थांबायचं कुठे ते सांगतो. (१ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलच्या एसींना सुरुवातीचं सेटिंग २४ ठेवणं सक्तीचं झालं, ते मला तरी पटलं.) एका टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा कॉइलवरून जायला हवी. जाळीवर धुळीची गोधडी बसली की ती जात नाही, मग आकडा काहीही लावा.

पट्ट्यांचंही तेच. थंड हवा जड, ती आपोआप खाली येते, म्हणून उन्हाळ्यात पट्टी आडवी, वरच्या बाजूला. गरम हवा वर पळते, म्हणून हिवाळ्यात पट्टी खाली, जमिनीकडे. हिवाळ्यातही पट्टी वरच ठेवली तर छताला मस्त ऊब मिळते आणि आपण खाली कुडकुडतो. वर गंमत अशी, की तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक युनिटांत वरच, हवा आत ओढतात तिथे असतो. छताशी २६ झाले की साहेब समजतात काम झालं, आणि हळू होतात. काही रिमोटमध्ये सेन्सर असतो, तो चालू करून रिमोट जवळ ठेवला तर हा घोळ मिटतो.

पंख्याचा वेग ऋतूप्रमाणे बदलावा. मे महिन्यात इथे हवा कोरडी असते, तेव्हा पंखा जोरात. जुलै-ऑगस्टमध्ये दमट, तेव्हा पंखा थोडा हळू, कारण हवा कॉइलजवळ रेंगाळली की पाणी जास्त निघतं. मुंबईकरांनी हे जूनपासूनच करावं.

आता माझा आवडता भाग. दोन-तीनशे रुपयांत स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर मिळतो. घ्या. जाळी धुऊन, वाळवून बसवा. पंखा पूर्ण वेगात, रिमोट १६ वर (फक्त या टेस्टपुरता, म्हणजे इन्व्हर्टर मध्येच आळसावणार नाही). पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग आत जाणाऱ्या हवेचं तापमान घ्या, बाहेर येणाऱ्या हवेचं घ्या, वजाबाकी करा. कूलिंगमध्ये फरक साधारण ८ ते १२ अंश यायला हवा. पावसाळ्यात थोडा कमी येईल, कारण बरीच शक्ती पाणी काढण्यात जाते. हीटिंगमध्ये रिमोट ३० वर ठेवून बघा, बाहेर पडणारी हवा साधारण ३५ ते ४५ च्या घरात हवी.

फरक भरपूर पण हवेला जोर नाही? जाळी, ब्लोअर किंवा कॉइल घाण आहे, गॅसचा संबंध नाही. हवा जोरात पण फरक तीन-चार अंशच? आता गॅस किंवा कॉम्प्रेसरवर संशय घ्यायला हरकत नाही. दोन्ही ठीक आणि तरी खोली तापलेलीच? मग यंत्र बरोबर आहे. पश्चिमेची भिंत, दाराखालची फट, नाहीतर दीड टनाच्या खोलीत बसवलेला एक टन. कॉइलवर बर्फ दिसला तर आधी नुसता पंखा चालवून तो वितळवा आणि मग मोजा. स्वच्छ जाळी असून बर्फ परत आला, तर मेकॅनिकला जरूर बोलवा.

हे सगळं एवढ्या तावातावाने लिहायचं कारण आमच्या मजल्यावरचे काका. नागपूरचे, मुलाकडे राहायला आलेले. मागच्या जानेवारीत, ऐन धुक्यात, त्यांचा हीटिंगवरचा एसी मध्येच पाच-सात मिनिटं वारा बंद करायचा आणि बाहेरच्या युनिटमधून धूर निघायचा. मेकॅनिक आला, "गैस कम है सरजी" म्हणाला, भरून गेला. आठवड्याने तेच. मग म्हणाला, पीसीबी गेलाय. काकूंचे गुडघे धरलेले, त्या रात्रभर रॉडचा हीटर लावून बसायच्या, आणि काका त्यांच्यावर वैतागायचे की बिल केवढं येईल.

मुळात यंत्र बिघडलेलंच नव्हतं. हीटिंगमध्ये बाहेरची कॉइल थंड होते, बाहेर ५-६ अंश असले तर ती शून्याखाली जाते. धुक्याची ओल तिच्यावर हिम होऊन बसते. ते वितळवायला यंत्र थोडा वेळ उलटं फिरतं आणि तोवर घरात गार वारा लागू नये म्हणून आतला पंखा थांबवतं. तो 'धूर' म्हणजे वाफ. मॅन्युअलमध्ये हे छापलेलं असतं. आम्ही जाळी धुतली, पट्टी खाली केली, तासाभरात काकूंनी शाल काढली. पीसीबीचे पैसे वाचले. गॅसचे गेले ते गेलेच.

मेकॅनिकही वाईट माणूस नसेल कदाचित. दिवसाला किती घरं करायची याचा कोटा असेल, आणि जाळी धुण्याचे पैसे कोण देतं? पण मोजल्याशिवाय निदान करू द्यायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. गॅस भरणाऱ्याला सरळ विचारा: गळती कुठे सापडली? नळ्या व्हॅक्यूम करणार का? वजनकाटा आणलाय का? काटा नसेल तर तो अंदाजाने भरतोय, आणि जास्त गॅसही कमी गॅसइतकाच त्रासदायक. शिवाय हल्लीचा आर-३२ थोडा ज्वलनशील असतो, आणि हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापमान वाढवतो. तो गळक्या नळ्यांत ओतत राहायचा म्हणजे कमालच आहे.

एक गोष्ट मात्र घरात बसून सुटत नाही. आमच्या टॉवरमध्ये बाहेरची युनिटं एका अरुंद डक्टमध्ये, शोभेच्या जाळीमागे कोंबलेली आहेत. मे महिन्यात खालच्या मजल्याने फेकलेली गरम हवा वरचा मजला ओढतो, वरच्याची त्याच्या वरचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती जाळी काढा म्हटलं, तर 'एलिव्हेशन खराब होईल' हे उत्तर आलं. पुढच्या मीटिंगला डक्टमधलं तापमान मजल्यागणिक मोजून नेणार आहे. काकांनी थर्मामीटर धरायचं कबूल केलंय.