मार्चअखेर आणि राखीव निधी

मार्च तोंडावर आला की लहान संस्थांत एकच लगबग सुरू होते: ८५ टक्के खर्च दाखवायचा! फेब्रुवारीपर्यंत कुणालाही न आठवलेला प्रिंटर अचानक निकडीचा होतो. ताळेबंदात शिल्लक दिसली की विश्वस्तही संकोचतात. देणगीदारांना काय वाटेल? आमच्या मते हा संकोचच महागात पडतो.

उत्पन्नातले १५ टक्के विनाअट मागे ठेवायला आयकर कायद्याची मुभा आहे. समजा, वर्षाचे उत्पन्न २४ लाख. मागे टाकता येतात ३ लाख ६० हजार; उरलेल्या २० लाख ४० हजारांत वर्ष चालले तर ही शिल्लक दोन महिन्यांच्या खर्चाएवढी. सहा महिन्यांची तजवीज तीन वर्षांत व्हावी, पण तशी होत नाही. त्या २४ लाखांपैकी १८ लाख प्रकल्पाचे असतील, तर त्यांतला रुपया न रुपया देणाऱ्याच्या अटींनी बांधलेला असतो. बचत होणार ती उरलेल्या सहा लाखांतून. म्हणून प्रस्तावात कार्यालयभाडे, हिशेबनीस, ऑडिट फी हे खर्च भिडेपोटी वगळू नका. ते वगळले की याच सहा लाखांना कात्री लागते.

पाच वर्षांसाठी रक्कम साठवण्याची सोयही आहे, मात्र तिला नेमका हेतू आणि वेळेत भरलेला फॉर्म लागतो. इमारत किंवा गाडीसाठी ती ठीक. अडीअडचणीच्या निधीसाठी निरुपयोगी. कॉर्पससाठी देणगीदाराचे तसे स्पष्ट पत्र हवे. त्याचे व्याज पुन्हा उत्पन्नातच धरले जाते, त्यामुळे मुद्दल जागच्या जागी राहते आणि पाच टक्के महागाईत साधारण १४ वर्षांनी त्याची किंमत निम्मी होते.

खरी परीक्षा जूनमध्ये होते. विनियोग प्रमाणपत्र पोहोचलेले नसते, दुसरा हप्ता अडकतो आणि पगाराची तारीख येते. मग खजिनदार स्वतःच्या खात्यातून हातउसने देतात. भावना चांगली, पण धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज घेऊ नये, असे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६अ बजावते. ऑडिटर ती नोंद विचारणारच.

येत्या अंदाजपत्रकात ‘राखीव निधी’ ही ओळ खर्चाच्या बाजूला, पगाराखालोखाल घाला. रक्कम पन्नास हजार असली तरी चालेल. त्या निधीला कधी आणि कुणाच्या सहीने हात लावायचा, याचा ठराव त्याच बैठकीत इतिवृत्तात नोंदवा.