‘जसे आले तसे’

‘जसे आले तसे पुढे पाठविले आहे’ हे वाक्य आमच्या समाजात हल्ली पापक्षालनाचा मंत्र होऊन बसले आहे. युक्रेनमध्ये कोणाचा पाडाव होणार, अमेरिकेच्या पोटात काय शिजते आहे, कोणत्या नव्या यंत्रामुळे उद्या कोणाच्या पोटावर पाय येणार, या विषयांवर सकाळच्या चहाच्या आत दहा ठाम विधाने करावयाची आणि तळाशी हे शब्द जोडावयाचे, म्हणजे पाठविणारा गृहस्थ निर्दोष! विधान खरे ठरले तर दूरदृष्टी त्याची; खोटे ठरले तर ‘जसे आले तसे’. ऋणकोने कर्जरोख्यावर सही करावी आणि सहीखाली ‘ही सही माझी समजू नये’ असे लिहावे, त्यातलाच हा प्रकार. न्यायालयात असला रोखा क्षणभरही टिकणार नाही. समाजात मात्र तो बिनबोभाट चालतो, आणि आमचा वाद आहे तो नेमका याच चालण्याशी.

सामान्य माणसाने जागतिक राजकारणावर बोलूच नये, असे नाक वर करून सांगणाऱ्या पंडितांच्या पंगतीला आम्ही बसत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. परराष्ट्रधोरण हा तज्ज्ञांचा प्रांत खरा. पण त्याचे फळ भोगणारे तज्ज्ञ नसतात. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले तेव्हा गोव्यातील कितीतरी घरांतून त्या रात्री कोणी झोपले नसेल. ज्या माउलीचा मुलगा तेथे नोकरीस होता, तिला आखाताच्या राजकारणावर मत असण्यासाठी कोणत्या पदवीची गरज होती? इंदूरच्या सराफ्यात, बेळगावच्या खानावळीत, बडोद्याच्या एखाद्या वाड्याच्या ओट्यावर जगाचा कारभार चालविणारी मंडळी पूर्वीही होती आणि पुढेही असावी. ती मते पुष्कळदा भाबडी असत. पण ज्याची त्याची असत. मत मांडणारा समोर बसलेला असे, त्याला ‘कशावरून?’ असे विचारता येई, आणि उत्तर सुचले नाही तर तो निदान तपकिरीची डबी उघडण्याचे निमित्त शोधी.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांतील भेद आमच्या भाषेनेच राखला होता. मराठीत ‘म्हणे’ हा लहानसा शब्द आहे. ‘तो मुंबईस गेला’ आणि ‘तो मुंबईस गेला म्हणे’ ही दोन भिन्न विधाने होत. पहिल्याची हमी बोलणारा देतो, दुसऱ्याची देत नाही. कोंकणीत हेच काम ‘खंय’ करतो: ‘तो येता’ निराळे आणि ‘तो येता खंय’ निराळे. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आमच्या आज्या हा शब्द वाक्यात असा अचूक बसवीत की, पुराव्याच्या कायद्याचे भाष्यकार त्यांच्याकडून धडा घेऊ शकतील. तो कायदा तरी निराळे काय सांगतो? तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. गोष्ट पाहण्यासारखी असेल तर ज्याने पाहिली त्यानेच येऊन सांगितले पाहिजे. १८७२ च्या कायद्यातला हा नियम १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. यंत्रातून येणाऱ्या मजकुरातून मात्र हे ‘म्हणे’ साफ लोपले आहे. तेथे प्रत्येक वाक्य साक्षीदाराच्या थाटात उभे राहते, आणि साक्षीदार कोठेच नसतो.

कोणी म्हणेल, ‘जसे आले तसे’ हेच आजचे ‘म्हणे’ नव्हे काय? आम्ही म्हणतो, नव्हे. ‘म्हणे’ हे विधानाच्या अंगात मुरलेले असते आणि ऐकणाऱ्याला सावध करते. ‘जसे आले तसे’ हे विधानाला हात न लावता केवळ बोलणाऱ्याला वाचविते. एक श्रोत्याच्या हिताचे आहे, दुसरे वक्त्याच्या. व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीने जुलै २०१८ मध्ये पुढे ढकललेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ अशी पाटी लावावयास आरंभ केला. एका अर्थी यंत्राने स्वतःच ‘म्हणे’ म्हणावयाचे ठरविले. तेव्हा आमच्या चतुर मंडळींनी काय केले? मजकूर उचलून नव्याने चिकटविला, की पाटी गळून पडते, ही युक्ती ती शिकली. इतकी निरागसता आम्हांस तरी पेलत नाही.

प्रत्यक्ष पाहणाऱ्यालासुद्धा सत्य किती उशिरा कळते याचा दाखला घरचाच आहे. ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’ आणि तिच्याबरोबरची जर्मन जहाजे पेटून बुडाली. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्या ज्वाळा डोळ्यांनी पाहिल्या. पण तटस्थ पोर्तुगालच्या बंदरात शिरून ते धाडस कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतील, वय उतरणीला लागलेल्या इंग्रज गृहस्थांनी केले होते, ही गोष्ट १९७८ पर्यंत गुप्त राहिली. डोळ्यांदेखत पेटलेल्या जहाजांचे रहस्य कळावयास पस्तीस वर्षे लागली. आणि आज कीव्ह किंवा गाझा येथील स्फोटाचा कर्ता, हेतू व परिणाम आम्हांस अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवरून कळतो! या चित्रफितींची जात कोणती? २०२२ आणि २०२३ मध्ये रणांगणातील म्हणून जगभर फिरलेल्या कित्येक फिती ‘आर्मा ३’ नामक संगणकावरील खेळातल्या निघाल्या. अखेर तो खेळ तयार करणाऱ्या झेक कंपनीला खुलासा करणे भाग पडले. मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात शस्त्रे चालू असताना एका रात्रीत कराची बंदर नष्ट झाल्याचे घरोघर कळले. दूरचित्रवाणीवरील काही वाहिन्यांनीही त्याला दुजोरा दिला. सकाळी बंदर जागच्या जागी होते. ज्यांनी ते रात्री बुडविले त्यांपैकी किती जणांनी सकाळी त्याच समूहात ‘ते खोटे होते’ असे लिहिले? वाचकांनी आपापल्या समूहांतून मोजून पाहावे. एका हाताची बोटे पुरतील असा आमचा अदमास आहे.

येथे आमच्यासारख्या विखुरलेल्या समाजाचा विशेष धोका आहे. बेळगावचे घर, मुलगा पुण्यास, कन्या हैदराबादेस, चुलते ग्वाल्हेरीस, मावशी म्हापशास, अशा कुटुंबाला हे समूह म्हणजे मोठेच वरदान होय. पूर्वी एका लग्नाच्या निमित्तानेच जी तोंडे दिसत ती आता रोज भेटतात. पण याच जिव्हाळ्यामुळे खोट्या मजकुराला आयता जामीन मिळतो. मजकुराला लेखक नसतो, पण काका असतात. ‘काकांनी पाठविले आहे’ म्हटल्यावर पुतण्या ‘कशावरून?’ असे विचारीत नाही, कारण तो प्रश्न मजकुराला न लागता काकांना लागतो. वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची आमची रीत चांगलीच आहे. पण कोणा निनावी कारस्थान्याने त्या मानाच्या पालखीत बसून आमच्या माजघरापर्यंत यावे, यासाठी ती रीत निर्माण झालेली नाही.

याने कोणाचे काय बिघडले, असे विचारणाऱ्यांना आम्ही राईनपाड्याचे नाव ऐकवितो. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या गावी १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजारी, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ज्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले, ते याच महाराष्ट्रातले, मंगळवेढ्याकडचे होते. त्या सुमारास देशात मुले पळविण्याच्या ज्या वार्ता फिरत होत्या त्यांच्या पुराव्यादाखल काय जोडलेले असे? एक फीत कराचीतल्या बालसुरक्षेच्या प्रचारपटाची होती. त्यात अखेरीस मूल परत आणून देतात व सावधगिरीचा फलक दाखवितात, तेवढा शेवट कोणी कापून टाकला होता. दुसऱ्या एका मजकुरासोबत मृत बालकांची दृश्ये होती. ती बालके २०१३ च्या ऑगस्टमध्ये दमास्कसनजीक घूता येथे विषारी वायूने मेलेली होती. सीरियाच्या यादवीवर ज्यांनी आयुष्यात एक ओळ वाचली नसेल त्यांच्या हातून त्या यादवीतील प्रेते खानदेशापर्यंत आली. जागतिक राजकारणाशी आमच्या खेड्यांचा संबंध जडला तो असा. तेथेही प्रत्येक पाठविणाऱ्याने जसे आले तसेच पाठविले होते.

कायद्याची दृष्टी याबाबत बरीच स्वच्छ आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात असे मत दिले की, मजकूर पुढे पाठविणे म्हणजे तो स्वीकारणे व त्याला अनुमोदन देणे होय. त्याच प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या गृहस्थांस दिलासा नाकारला. उलट, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये ठरविले की, समूहात एखाद्या सभासदाने आक्षेपार्ह लिहिले तर केवळ समूह चालवितो म्हणून चालकास दोषी धरता येणार नाही. समान हेतू दाखविला पाहिजे. दोन्ही निर्णय आम्हांस योग्य वाटतात, व त्यांतले सूत्र एकच आहे. ज्याचे बोट त्याचे कृत्य.

परंतु येथून काही सज्जन भलत्याच दिशेला वळतात. सरकारनेच हे सारे बंद करावे, तपासनीस बसवावा, खरे-खोटे त्याने ठरवावे, असा त्यांचा आग्रह असतो. गोव्यातील वाचकांनी तरी या सूचनेस हसावे. सालाझारच्या अमलात येथे विवाहाची निमंत्रणपत्रिकासुद्धा तपासनीसाच्या नजरेखालून गेल्यावाचून छापता येत नसे. त्याने असत्य थांबले काय? थांबले ते सत्य. आणि इतक्या मागे कशाला जावे? २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंद असण्याविषयी फेसबुकवर चार शब्द लिहिले होते आणि दुसरीने ते पसंत केले होते. ज्या ‘६६ अ’ कलमाचा तो प्रताप होता ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. स्वतःच्या कारभाराबद्दलचे खोटे कोणते हे सरकारनेच ठरवावे अशी योजना २०२३ मध्ये नियमांत घालण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तीही मोडीत काढली. पाठविणाऱ्यांनी जबाबदारी टाकली की ती उचलावयास सत्ता नेहमीच तत्पर असते, आणि उचलल्यावर ती परत देत नाही. ‘जसे आले तसे’ म्हणणारे गृहस्थ हे असे तपासनीसाचे सर्वांत मोठे साहाय्यक आहेत.

सीमाभागातील वाचकांस तर हे फार जवळून ठाऊक आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्यात काय लिहिले आहे ते वाचण्याची तसदी न घेता उभय बाजूंचे समूह रोज त्याचा निकाल लावीत असतात. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. त्याच महिन्याच्या १४ तारखेस दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री दिल्लीस भेटले, तेव्हा केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितले की, बड्या नेत्यांच्या नावे ट्विटरवर उघडलेल्या बनावट खात्यांनीही आगीत तेल ओतले. त्यांविरुद्ध गुन्हे नोंदविले जातील. ती खाती कोणाची हे शोधणे पोलिसांचे काम. पण त्यांवरचा मजकूर ज्यांनी ज्यांनी आपल्या नात्यागोत्यात व आळीत नेला त्यांना शोधण्यास पोलीस कशाला हवेत? त्यांची नावे, दिवस आणि वेळेसह, ज्याच्या त्याच्या समूहात लिहिलेली आहेत.