तुमची 'क्राफ्ट', आमची हातभट्टी

'क्राफ्ट' या इंग्रजी शब्दाचा साधा मराठी अर्थ हाताची कारागिरी. म्हणजे 'क्राफ्ट डिस्टिलरी'चं प्रामाणिक भाषांतर करायला बसलं तर एकच शब्द हाती लागतो : हातभट्टी. भाषेत दोन्ही एकच आहेत. बाजारात, कायद्यात आणि पोलीस ठाण्यात मात्र नाहीत. क्राफ्ट डिस्टिलरीवाल्याची मुलाखत होते, हातभट्टीवाल्याचा पंचनामा होतो. महाराष्ट्रात 1981 सालचा एक कायदा आहे, एमपीडीए म्हणून ओळखला जाणारा. त्याच्या लांबलचक नावातच झोपडपट्टीदादा आणि धोकादायक व्यक्तींच्या जोडीला 'हातभट्टीवाले' बसवलेले आहेत. या कायद्याखाली खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. कारागिरीचा असा सन्मान दुसऱ्या कुठल्या धंद्याला मिळालेला माझ्या ऐकिवात नाही.

गेल्या पंधरा वर्षांत या देशात क्राफ्ट बिअर, क्राफ्ट जिन, छोट्या वायनरी यांचा एक नवा वर्ग उभा राहिला आहे. पुण्यात 2009 मध्ये डुलाली सुरू झाली, राज्यातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. (नाव आपल्या देवळालीचं आहे बरं का. जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेले गोरे सोजीर डोक्यावर परिणाम झाल्यासारखे वागायचे, त्यावरून इंग्रजीत वेड्याला 'डुलाली' म्हणू लागले. साहेबाचं वेडसुद्धा पुढे ब्रँड होतं.) 2015 मध्ये बिरा आली. 2017 नंतर गोव्यातून ग्रेटर दॅन, स्ट्रेंजर अँड सन्स अशा जिन निघाल्या. नाशिकला तर त्याआधीच, 1999 मध्ये सुला उभी राहिली. संस्थापक स्टॅनफर्डचे, हाताशी घरची जमीन. पाठोपाठ 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून वाइनला उत्पादन शुल्कात सवलती दिल्या. डिसेंबर 2022 मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली.

यात कोणी चोरी केली असं मी म्हणत नाही. मी एवढंच विचारते की या धंद्यात शिरायला लागतं काय? जमीन, परवाना, काही कोटींचं भांडवल, परदेशात घेतलेली चव, आणि आपली 'स्टोरी' इंग्रजीत सांगण्याची सवय. ही यादी वाचून कोणाला जातीचा वास येत नसेल तर त्याने समाजशास्त्राचं पहिलं पुस्तक पुन्हा उघडावं. धंद्याची मालकी कोणाकडे आणि बाटल्या धुणं, पोती उचलणं, रात्री टाक्या घासणं कोणाकडे, हे बघायला सर्वेक्षण लागत नाही. मागच्या दाराने आत गेलं की दिसतं.

आता मोहाकडे या, कारण खरी गोम तिथे आहे. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं गळतात. बायका-पोरं ती वेचतात, वाळवतात. त्यातली काही भाकरीत, भाजीत जातात, काही पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी ठेवली जातात. उरलेली पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात आणि मग मडकं चुलीवर चढतं. अल्कोहोलची वाफ पाण्याच्या आधी, 78 अंशाला उठते, वरच्या गार भांड्याला लागून थेंबाथेंबाने खाली येते. चकचकीत तांब्याच्या भांड्यात, काचेच्या भिंतीआड घडतं तेही हेच. विज्ञान एकच आहे. गाळताना आधी आलेलं काय टाकायचं, मधलं काय ठेवायचं याला क्राफ्टवाले 'कट' म्हणतात आणि त्यावर कार्यशाळा घेतात. मराठीत 'पहिल्या धारेची' हा शब्द त्यांच्या पणजोबांच्याही आधीपासून आहे. पण तो शब्द आपण शिवीसारखा वापरतो. आंबवलेल्या द्रवाला डिस्टिलरीत 'वॉश' म्हणतात, पंचनाम्यात 'रसायन'. वॉशची चव घेतात, रसायन जागीच नष्ट करतात.

हे आपोआप झालेलं नाही. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावची गाळणी बेकायदा ठरवली आणि दारू मोठ्या भट्ट्यांत, ठेकेदारांच्या हाती एकवटली. उरणच्या मोहाच्या भट्ट्या त्यासाठीच प्रसिद्ध होत्या. आदिवासी स्वतःच्या झाडाच्या फुलांची दारू ठेकेदाराच्या दुकानातून विकत घेऊ लागला, उधारीवर, आणि त्या उधारीत जमीन गेली. तरी घरची गाळणी थांबेना, म्हणून 1892 मध्ये म्हवरा कायदा आला. ठाणे-कुलाब्यात खुद्द फुलावरच निर्बंध घातले गेले! जंगलातलं फूल घरात ठेवणं हा गुन्हा. त्याआधी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये तो रद्द झाला, पण त्या जमातींना जमीन मिळाली नाही, नोकरी मिळाली नाही, आणि 1949 चा दारूबंदी कायदा मात्र त्यांच्या दारात उभा होता. ज्याला दुसरं काही करू दिलं नाही, त्याने जे केलं त्यालाच गुन्हा म्हटलं.

मी जिथे काम करते त्यातली एक वस्ती कंजारभाटांची आहे. तिथली एक बाई, पन्नाशीची. दहा लिटरच्या कॅनसकट धरली होती. तिच्यावरची ही कितवी केस, हे तिलाही नीट सांगता येईना. जामिनासाठी कोर्टाबाहेर बसलो होतो. माझ्या फोनवर मोहापासून प्रीमियम दारू बनवणाऱ्या कोणा उद्योजिकेचा व्हिडिओ लागला. तिने तो दोनदा बघितला आणि विचारलं, "ताई, ही बी बाईच हाय की. हिला का धरत न्हाईत?" मी परवान्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मग मला द्या म्हनावं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिला परवाना कधीच मिळणार नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिची मुलगी बारावी झाली आहे. आईच्या केसेसमुळे चारित्र्य पडताळणीत काय होईल, ही तिची खरी धास्ती.

दरम्यान सरकारला मोह आवडू लागला आहे. 2018 मध्ये डीजे महुआ बाजारात आली, मग डहाणूच्या एका जुन्या डिस्टिलरीची सिक्स ब्रदर्स महुरा. मे 2021 मध्ये महाराष्ट्राने मोहफुलं गोळा करण्या-नेण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठवले. चांगलंच झालं. एप्रिल 2022 मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की काजू, मोहफुलं यांपासून बनणाऱ्या मद्याला 'देशी' न म्हणता 'विदेशी मद्य' हा दर्जा द्यायचा. पुन्हा वाचा. गडचिरोलीच्या झाडाचं फूल, आणि प्रतिष्ठा हवी तर त्याने विदेशी व्हायचं. आपल्याकडे पिण्याच्या एका दिवसाच्या परवान्यालाही वर्ण आहे : विदेशीचा पाच रुपये, देशीचा दोन. श्रेणीबद्ध विषमता शिकवायला याहून सोपं उदाहरण मला वर्गात सापडलं नसतं.

आता आपल्यातले काही म्हणतील, ताई, आपण बौद्ध. पाचवं शील आहे, बावीस प्रतिज्ञांतली सतरावी दारू न पिण्याची आहे. दारू कोण गाळतो याच्याशी आपला काय संबंध?

दारूचं समर्थन माझ्याकडून होणार नाही. माझ्या आजीने नवऱ्याची दारू हाडांवर सोसली आहे. 1880 मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध केला. 1922 च्या सुमारास दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी देवीच्या चळवळीत दारू सोडली, तेव्हा त्यांनी गुत्तेवाल्या सावकाराचं कंबरडंच मोडलं. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या, त्यातही बायकांच्या रेट्याने. ही सगळी आपलीच परंपरा आहे आणि ती मला मान्य आहे.

पण शील मी घेते, पोलीस मला देत नाही. हा फरक बाबासाहेबांना पक्का ठाऊक होता. 1951 च्या निवडणुकीसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जाहीरनामा निघाला, त्यात दारूबंदी उठवून बुडणारा महसूल राज्याने वाचवावा अशी भूमिका आहे. पाच वर्षांनी त्याच बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांना धम्म आणि दंडुका एकच वाटतो. संविधानाची सहावी अनुसूची काढून बघा. परिच्छेद 12 सांगतो की न गाळलेल्या, म्हणजे तांदळाच्या बिअरसारख्या मद्यावर बंदी घालणारा राज्याचा कायदा स्वायत्त जिल्ह्याला आपोआप लागू होणार नाही, जिल्हा परिषदेने ठरवलं तरच होईल. ती तरतूद ईशान्येपुरती आहे. पण तत्त्व बघा : ज्यांचं जगणं, त्यांचा निर्णय. 1996 च्या पेसा कायद्याने पाचव्या अनुसूचीतल्या गावांसाठी मादक पदार्थांबाबतचा अधिकार ग्रामसभेच्या पदरात टाकला, आणि गौण वनोपजाची मालकीही. बंदी हवी तर ग्रामसभा करील. मोह कोणाला, कोणत्या भावाने विकायचा हेही तिनेच ठरवायला हवं.

दुसरा आक्षेप विषारी दारूचा. जून 2015 मध्ये मालवणीत शंभरहून अधिक माणसं मेली. ती आपलीच होती, हातावर पोट असलेली. पण ती मोहाने मेली नाहीत, मिथेनॉलने मेली. मिथेनॉल कोणाच्या चुलीवर पिकत नाही, ते कारखान्यांच्या साखळीतून गळून येतं. धंदा जितका अंधारात ढकलाल तितकी भेसळ आणि हप्ता दोन्ही वाढतात. तपासणी, नोंदणी, प्रयोगशाळा हे सगळं श्रीमंताच्या बाटलीला मिळतं आणि गरिबाच्या पाऊचला मिळते ती धाड.

मग मागायचं काय? इथे मला आपल्याच काही मित्रांशी वाद घालायचा आहे. सध्या एक नवी टूम आहे : आदिवासी-विमुक्तांना 'हेरिटेज लिकर'चे बचतगट काढून द्या. मध्य प्रदेशाने ते केलं आहे, अलीराजपूरच्या बचतगटाची 'मोंड' नावाची मोहाची दारू निघते. ऐकायला गोड वाटतं. पण ज्या बापाने आपल्याला मेलेली ढोरं ओढायची सोडा म्हणून सांगितलं, महारवतनाला गुलामी म्हटलं, त्याची लेकरं दुसऱ्या समाजांना 'तुमचा पारंपरिक धंदा छान आहे, तोच करा' कसं सांगणार? वारसा हा शब्द जपून वापरा. जातीचा धंदा लोकांच्या पाठीवरून कधी उतरत नाही, फक्त त्याला अधूनमधून सोनेरी लेबल लागतं. कोल्हापुरी चपलेचं बघा. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2025 मध्ये ती मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या नावाने अवतरली. गदारोळ झाला, अस्मिता जागी झाली, आणि चामडं कमावणाऱ्याच्या मजुरीचा विषय चर्चेत शेवटच्या ओळीत आला. गोव्याने फेणीला 2009 मध्ये मानांकन आणि 2016 मध्ये वारसा पेयाचा दर्जा दिला, ते चांगलंच. पण तिथे भट्टीवाला कायद्याने आधीपासून माणूस होता. आपल्याकडे आधी तेवढं तरी होऊ द्या.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिलं, किरकोळ प्रमाणात मोहाची, गुळाची दारू गाळल्याचे जे खटले वर्षानुवर्षं चालू आहेत ते मागे घ्या, आणि एमपीडीएच्या नावातून आणि वापरातून हातभट्टी काढा. विषारी भेसळ करणाऱ्यासाठी वेगळी कलमं आहेतच. दुसरं, मोहावर कंपनी उभी राहणार असेल तर फूल ग्रामसभेकडून, ग्रामसभेच्या भावाने. लेबलवर बाईचं चित्र आणि हिशेबात ठेकेदार हे चालणार नाही. तिसरं, त्या बारावी झालेल्या मुलीला वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि आईच्या केसेसपासून संरक्षण. तिला भट्टी चालवायची असेल तर परवाना, नसेल तर भट्टीतून बाहेर पडण्याची वाट. निवड तिची.

आणि आपल्या आयटीतल्या, कोरेगाव पार्क-बाणेरच्या ब्रुपबमध्ये शुक्रवारी भेटणाऱ्या पोरांना दोन शब्द. पिऊ नका, हे मी म्हणणारच, ते माझं शील आहे. तरीही गेलात आणि मेन्यूवर 'ट्रायबल', 'वाइल्ड', 'फोरेज्ड' असं काही दिसलं, तर वेटरला विचारा फूल कुठून आलं, कोणी वेचलं, किलोला काय दिलं. मॅनेजर येईल. त्यालाही विचारा.

बाकीच्यांसाठी काम आहे. आपापल्या तालुक्यात माहिती अधिकारात अर्ज टाका. राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि पोलीस ठाणं, दोन्हीकडे. मागच्या पाच वर्षांत दारूबंदी कायद्याच्या कलम 65 खाली किती गुन्हे, त्यात किती बायका, जप्त माल दहा लिटरच्या आतला असे किती, त्यातले किती शाबीत झाले, आणि त्याच काळात जिल्ह्यात मोहाच्या मद्यनिर्मितीचे किती परवाने कोणाला दिले. उत्तरं आली की पाठवा, तालुकावार तक्ता करून इथेच टाकते. पहिले तीन अर्ज गेल्या सोमवारी गेले आहेत.