आधारची झेरॉक्स? आधी ‘कशाला’ ते विचारा

धंतोलीत दवाखाना असो, लॅब असो की सिमकार्डाचे दुकान, काउंटरवरून मागणी येते: ‘आधारची झेरॉक्स द्या.’ ती कोण ठेवणार, किती दिवस ठेवणार, हे कोणी सांगत नाही. आपणही विचारत नाही.

पुढे फसवणूक झाली की उपदेश तयार असतो: ‘ओटीपी दिलाच कशाला?’ मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून ठामपणे सांगतो की हा उपदेश अर्धवट आहे. सगळा दोष लुटल्या गेलेल्या माणसावर ढकलला की माहिती गोळा करणारा मोकळा सुटतो. २०२३ मध्ये बेंगळुरूत चोरट्यांनी जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे वापरून लोकांची खाती रिकामी केली. आधार क्रमांक आणि ठसा जुळला की पैसे निघत, ओटीपी लागतच नव्हता. इथे चूक खातेदाराची, की दस्त सांभाळता न आलेल्यांची?

२७ मे २०२२ रोजी यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने सांगितले होते की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार वापरा. गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत सरकारने ती सूचना मागे घेतली. धोका मात्र कुठेच गेला नाही.

आणि बोट फक्त सरकारकडे का? आपल्या मोहल्ल्यातल्या शिष्यवृत्तीच्या शिबिरांत जमा झालेले आधारचे गठ्ठे नंतर कुठे जातात? झारखंडमध्ये २०२० साली दलालांनी गरीब कुटुंबांची कागदपत्रे आणि अंगठे घेऊन अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचे पैसे लाटल्याचे उघड झाले. नेक इराद्याने जमवलेला गठ्ठाही चोराच्या हाती लागू शकतो.

‘लपवण्यासारखे काही नाही, मग भीती कसली?’ असे विचारणाऱ्यांनी आपल्या घराचे कुलूप काढून दाखवावे.

म्हणून मूळ कार्ड दाखवा, पण प्रत मागितली तर शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्या. प्रतीवर कारण आणि तारीख आडवी लिहा. बायोमेट्रिक लॉक करा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीवर पाहा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागवा.

तरीही चोरी झाली तर गप्प बसू नका. ‘पोलिसांत गेलो तर आपल्यालाच उलट विचारतील’ ही भीती आपल्याकडे खोल आहे, आणि ती उगाच नाही. पण तुमच्या नावाच्या सिमवरून कुणी गुन्हा केला, तर आधीच्या तारखेची तक्रार हाच तुमचा पहिला पुरावा असतो. पैसे गेले तर लगेच १९३० लावा. बँकेला तीन कामकाजी दिवसांच्या आत लेखी कळवा आणि पोच घ्या. तुमच्या नावावर खोटे कर्ज दिसले तर क्रेडिट कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ओळख चोरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो.

सुरुवात आपल्या घरापासून करू. पुढच्या शिबिरात फॉर्म भरून झाला की झेरॉक्स त्याच मुलाच्या हातात परत गेली पाहिजे. ज्या कमिटीला एवढेही जमत नाही, तिने आधार मागू नये.