थंड हवेचे स्वप्न, चार रुपयांचा शेअर

खास प्रतिनिधी, मुंबई

मार्च उजाडला की सांताक्रूझ वेधशाळेचे आकडे मुंबईकरांच्या बोलण्यात येऊ लागतात. या वेधशाळेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वाकोल्यात मात्र उकाडा समजण्यासाठी आकड्यांची गरज भासत नाही. नाल्याकाठच्या पत्र्याच्या खोल्यांपासून महामार्गालगतच्या नव्या मनोऱ्यांपर्यंत सर्वत्र वातानुकूलन यंत्रांची गर्दी वाढत आहे आणि त्याबरोबर विजेचे बिलही. नेमक्या याच दिवसांत भ्रमणध्वनीवर आणखी एका गोष्टीचा सुकाळ होतो. ‘निम्म्या विजेवर चालणारा हरित एसी. कंपनीचा शेअर अवघा चार रुपये. वर्षभरात चाळीस,’ अशा धर्तीचे संदेश गृहनिर्माण संस्थांच्या गटांवरून फिरू लागतात. कंपनीचे नाव आणि भाव बदलतो, साचा तोच राहतो.

असा संदेश हाती आल्यावर निवृत्तीच्या पैशातील पन्नास हजार त्यात घालावेत की नाही, हा प्रश्न अनेक मध्यमवर्गीय घरांत प्रत्यक्ष उभा राहतो. याचे उत्तर शोधणे वाटते तितके अवघड नाही. त्यासाठी लागणारी बहुतेक कागदपत्रे सार्वजनिक असून ती घरबसल्या पाहता येतात. अडचण एवढीच की, संदेशातील अर्धा भाग खरा असतो आणि वाचकाचा विश्वास त्या अर्ध्या भागावरच बसतो.

उद्योग खरा, कंपनीचे काय?

देशात थंडाव्याची मागणी वाढणार, हे निर्विवाद आहे. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन’नुसार २०३७-३८ पर्यंत ही मागणी सुमारे आठपट होण्याचा अंदाज आहे. थंडाव्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्टही त्याच आराखड्यात आहे. तापमानवाढीस हातभार लावणारे शीतक वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. सरकारने त्याच वर्षी वातानुकूलन यंत्रांचे सुटे भाग आणि एलईडी दिव्यांसाठी ६२३८ कोटी रुपयांची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनाही आणली.

म्हणजे वारा अनुकूल आहे. पण वारा अनुकूल असला म्हणून प्रत्येक होडी तरंगतेच असे नाही. उद्योगाचे भवितव्य उज्ज्वल असणे आणि त्या उद्योगाचे नाव लावणाऱ्या एखाद्या कंपनीचे भवितव्य उज्ज्वल असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेनी स्टॉकचा सारा व्यवहार या दोहोंतील फरक वाचकाच्या लक्षात येऊ नये, यावर चालतो.

चार रुपये म्हणजे स्वस्त नव्हे

पहिला गैरसमज भावाचा. शंभर कोटी शेअर असलेल्या कंपनीचा भाव चार रुपये असेल, तर बाजार तिचे मोल चारशे कोटी रुपये लावतो. दोन कोटी शेअर असलेल्या कंपनीचा भाव शंभर रुपये असेल, तर तिचे मोल दोनशे कोटी होते. यात स्वस्त कोणती, हे भावावरून ठरत नाही. कंपनी वर्षाला काय विकते आणि किती कमावते, यावरून ते ठरते.

पेनी स्टॉक जन्मतःच पेनी स्टॉक असतो असेही नाही. याची साक्ष सांताक्रूझ पूर्वेलाच मिळते. वाकोल्यातून जाणाऱ्या पश्चिम द्रुतगती महामार्गालगत एके काळी रिलायन्स एनर्जीचे मुख्यालय होते. त्याच समूहातील रिलायन्स पॉवरच्या शेअरची जानेवारी २००८ मध्ये साडेचारशे रुपयांना विक्री झाली, तेव्हा अर्जांची संख्या उपलब्ध शेअरच्या सत्तर पटींहून अधिक होती. मार्च २०२० मध्ये हा भाव दोन रुपयांच्याही खाली गेला. तेथून तो पुढे सावरला, पण साडेचारशेला घेणाऱ्यांसाठी ते सावरणे पुरेसे नव्हते. जुलै २०२० मध्ये महामार्गालगतच्या त्या इमारतीचा ताबा थकीत कर्जापोटी येस बँकेने घेतला आणि आज त्यावर बँकेचे नाव आहे. ‘विजेची भूक वाढणार’ ही २००८ मधील कथा खोटी नव्हती. भूक वाढलीही. पैसे मात्र ज्यांनी कथा विकत घेतली, त्यांचेच गेले.

वातानुकूलन उद्योगातील उदाहरण लॉइडचे. एसीच्या दुकानात हे नाव आजही ठळकपणे दिसते. परंतु ते नाव आणि ग्राहकोपयोगी वस्तूंचा व्यवसाय २०१७ मध्ये हॅवेल्सने सुमारे १६०० कोटी रुपयांना विकत घेतला. विकणारी मूळ कंपनी ‘लील इलेक्ट्रिकल्स’ या नावाने शेअर बाजारात राहिली. पुढे तिच्या शेअरचा भाव काही रुपयांवर आला आणि कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. दुकानातील नाव आणि शेअर बाजारातील नाव एकच आहे की नाही, हे तपासण्याचे कष्ट घेणे किती आवश्यक आहे, ते यावरून दिसते.

अकोल्यात चालते ते वाकोल्यात?

दुसरा प्रश्न यंत्राचा. ‘हरित एसी’ हा शब्द किमान तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली म्हणजे गरजेनुसार वेग बदलणारा, कमी वीज खाणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर. हे तंत्र आता सर्वच मोठ्या कंपन्यांकडे आहे. दुसरी म्हणजे कमी घातक शीतक वायू. तापमानवाढ करण्याची आर-४१०ए या वायूची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट आहे, आर-३२ ची ६७५ पट, तर प्रोपेनची अवघी तीन पट. तिसरी म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनातून थंडावा देणारी यंत्रे. यांत वीज खरोखरच फार कमी लागते, पण ती कोरड्या हवेत चालतात. अकोल्याच्या मे महिन्यात जे यंत्र खोली गार करते, ते वाकोल्याच्या दमट हवेत खोली केवळ ओली करण्याची शक्यता अधिक. कंपनी ‘निम्मी वीज’ म्हणते, ती यांपैकी कोणत्या तंत्राच्या आधारे आणि कशाच्या तुलनेत, हे विचारले की निम्मे दावे गळून पडतात.

यंत्र बाजारात असेल तर तपासणी आणखी सोपी आहे. खोलीसाठीच्या एसीवर ऊर्जा दक्षता ब्युरोची ताऱ्यांची पट्टी २०१० पासून सक्तीची आहे. त्या पट्टीवर वर्षाला १६०० तास वापर गृहीत धरून किती युनिट लागतील, ते छापलेले असते. ब्युरोच्या संकेतस्थळावर कंपनी आणि मॉडेलनिहाय यादी पाहता येते. खोलीसाठी एसी बनवल्याचा दावा करणाऱ्या कंपनीचे एकही मॉडेल तेथे नसेल, तर ग्राहकाला रीतसर विकण्याजोगे यंत्र तिच्याकडे अद्याप नाही, असा त्याचा साधा अर्थ होतो.

नवे तंत्र प्रयोगशाळेतून दुकानात येण्यास किती काळ व पैसा लागतो, हेही ध्यानात घ्यावे. नेहमीच्या एसीच्या तुलनेत हवामानावरील परिणाम एकपंचमांश असणारे यंत्र शोधण्यासाठी २०१८ मध्ये भारत सरकारच्या सहभागाने ‘ग्लोबल कूलिंग प्राइझ’ ही स्पर्धा जाहीर झाली. एप्रिल २०२१ मध्ये डायकिन आणि ग्री या दोन बलाढ्य कंपन्यांच्या चमूंना प्रत्येकी दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. अतिकार्यक्षम यंत्रांच्या प्रत्यक्ष वापरातील चाचण्या पुढे डोंबिवलीजवळील पलावा वसाहतीतील सदनिकांत झाल्या. जगातील सर्वांत मोठ्या उत्पादकांनाही हा प्रवास वर्षानुवर्षे करावा लागतो. अंतिम फेरीत विक्रोळीची गोदरेज अँड बॉइसही होती. याच कंपनीने २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारा एसी भारतीय बाजारात आणला. गंमत अशी की, हरित एसीचे काम खऱ्या अर्थाने करणाऱ्या या कंपनीचा शेअर बाजारात नोंदलेलाच नाही.

कागद काय बोलतात?

तिसरी पायरी वार्षिक अहवालाची. तो मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. संचालकांच्या अहवालाला ऊर्जा संवर्धन व तंत्रज्ञानविषयक एक परिशिष्ट जोडणे कंपनी कायद्याने बंधनकारक आहे. संशोधन व विकासावर वर्षात किती रुपये खर्च झाले, तेही त्यात द्यावे लागते. क्रांतिकारी एसी विकसित करणाऱ्या कंपनीच्या या रकान्यात ‘निरंक’ लिहिलेले असेल, तर पुढे वाचण्याचे कारण उरत नाही. नंतर विक्रीचे आकडे आणि प्रत्यक्ष हाती आलेली रोकड यांची तुलना करावी. विक्री वाढते आहे, पण पैसा ‘येणे बाकी’ या सदरात साचतो आहे, असे चित्र असल्यास सावध व्हावे. लेखापरीक्षकाने मुदतीआधीच राजीनामा दिला आहे काय आणि प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण ठेवले आहेत काय, हेही पाहावे. पेटंटचा ‘अर्ज केला’ आणि पेटंट ‘मिळाले’ यांत अंतर असते. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते तपासता येते.

नावाचीही चौकशी करावी. १९९९-२००० च्या तेजीत ज्यांचा संगणकाशी संबंध नव्हता, अशा अनेक कंपन्यांनी ‘सॉफ्टवेअर’ आणि ‘इन्फो’ अशी नावे घेतली होती. हा अनुभव लक्षात घेऊन ‘सेबी’ने नियम केला. नव्या नावातून सूचित होणाऱ्या व्यवसायातून आधीच्या वर्षातील किमान निम्मे उत्पन्न यावे, किंवा कंपनीच्या किमान निम्म्या मालमत्तेइतकी गुंतवणूक त्यात झालेली असावी. तरीही कालपर्यंत कापड किंवा कर्जव्यवहार करणारी कंपनी आज ‘ग्रीन’ झाली असेल, तर जुने नाव शोधून जुने अहवाल वाचणे श्रेयस्कर.

चाकणचे विजेचे बिल

सर्वांत बोलके उदाहरण वातानुकूलनातील नसले, तरी हरित ऊर्जेतीलच आणि महाराष्ट्रातील आहे. अहमदाबादस्थित जेनसोल इंजिनिअरिंगने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या विजेवरील मोटारींना तीस हजारांच्या आगाऊ मागण्या आल्याचे शेअर बाजाराला कळवले. ९ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी चाकण येथील प्रकल्पात पोहोचला, तेव्हा तेथे उत्पादन चालू नव्हते आणि दोन-तीन कामगारच हजर होते. अधिकाऱ्याने प्रकल्पाची विजेची बिले मागितली. मागील बारा महिन्यांतील सर्वाधिक बिल डिसेंबर २०२४ चे, १ लाख ५७ हजार रुपयांचे होते. ‘सेबी’च्या १५ एप्रिल २०२५ च्या अंतरिम आदेशात हा सारा तपशील नमूद आहे. मागण्यांची कागदपत्रे तपासली असता नऊ संस्थांनी २९ हजार गाड्यांबाबत केवळ इच्छा व्यक्त केल्याचे आढळले. त्यांत किंमत नव्हती, गाड्या कधी द्यायच्या तेही नव्हते. जून २०२४ मध्ये अकराशे रुपयांच्या घरात असलेला शेअर तोवर दीडशेच्या खाली उतरला होता.

कारखाना चालतो की नाही, हे ओळखण्यासाठी अधिकाऱ्याला अर्थशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांची गरज पडली नाही. महावितरणचे बिल पुरले. लहान गुंतवणूकदाराला चाकणला जाऊन बिल मागण्याचा अधिकार नाही, हे खरे. पण वीज आणि इंधनावरील खर्च वार्षिक हिशेबात बहुधा स्वतंत्रपणे दिलेला असतो. कामगारांवरील आणि कच्च्या मालावरील खर्चही असतो. हजारो यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याला तांबे लागते, कॉम्प्रेसर लागतात, माणसे लागतात आणि वीज लागते. हे खर्च नसतील, तर यंत्रेही नसतात.

शिरणे सोपे, निघणे कठीण

एवढे करूनही शेवटचा धोका उरतो. अशा शेअरला अनेकदा दिवसाला पाच टक्क्यांची मर्यादा असते. रोज ती गाठत गेले, तर वीस दिवसांत चार रुपयांचे साडेदहा होतात आणि शेजारी पेढे वाटतो. घसरण सुरू झाली की याच मर्यादेवर रोज विक्रेत्यांची रांग लागते आणि खरेदीदार एकही नसतो. कागदावरचा नफा कागदावरच राहतो. बाजाराने असा शेअर ‘जीएसएम’ किंवा ‘एएसएम’ या विशेष देखरेखीखाली ठेवला आहे काय, ते संकेतस्थळावर लगेच दिसते. सल्ला देणाऱ्याकडे ‘सेबी’चा नोंदणी क्रमांक मागावा. तो दिला नाही, तर सल्ला कोणाच्या हिताचा आहे, ते समजून घ्यावे.

हरित तंत्रज्ञानाला भांडवलाची गरज आहे आणि लहान कंपन्यांतूनही खरे संशोधन होऊ शकते. त्यामुळे प्रत्येक स्वस्त शेअर फसवा ठरवणे अन्यायाचे होईल. पण कथांना पैसा मिळत राहिला, तर खऱ्या संशोधकाच्या वाट्याचा पैसाही आटतो, हा यातील मोठा तोटा. वाकोल्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर वांद्रे-कुर्ला संकुलात ‘सेबी’ आणि राष्ट्रीय शेअर बाजार या दोन्ही संस्थांची मुख्यालये आहेत. त्यांचे लक्ष जाईपर्यंत मात्र बहुतेक वेळा छोट्या गुंतवणूकदाराचे पैसे गेलेले असतात. नवा एसी घेतल्यावर तो वीज वाचवतो की नाही, हे आपण जाहिरातीवरून ठरवत नाही. दुसऱ्या महिन्याच्या बिलाची वाट पाहतो. शेअर घेतानाही तेवढाच धीर धरावा.