घरच्या शाळेचा हिशेब मागितला पाहिजे

आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. मुलगी अकरा वर्षांची आहे, मुलगा आठ वर्षांचा. दोघंही मिरजेत, घरी शिकतात. त्यामुळे घरशिक्षणाच्या विरोधकांत माझी गणना कुणी करू नये. तरीही मी हा लेख लिहिते आहे, कारण ‘होमस्कूलिंग’ हा शब्द आता अशा कामासाठी वापरला जातो आहे की त्यावर गप्प बसणं म्हणजे त्या कामात सामील होणं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: जे आईबाप मुलांना घरी शिकवतात, त्यांच्याकडून दर वर्षी हिशेब मागितला गेला पाहिजे. सरकारने मागावा, मोहल्ल्याने मागावा, नातेवाइकांनी मागावा. आमच्याकडूनही मागावा. ज्या घराला हिशेब देता येत नाही, त्या घराने आपल्या कारभाराला शिक्षण म्हणू नये.

ओळखीतल्या एका घराचं सांगते. मुलगी आठवीला वर्गात दुसरी आली. शाळा घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. नववीचं वर्ष सुरू झालं आणि ती दिसेनाशी झाली. तिच्या अम्मींना विचारलं तर हसून म्हणाल्या, “तुमच्यासारखंच की, होमस्कूलिंग! मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरलाय.” फॉर्म खरोखरच भरलेला होता. पुस्तकंही आली होती, दिवाणाखाली होती, गठ्ठ्याची दोरी सुटलेली नव्हती. मुलीचा दिवस म्हणजे सकाळी भावाचा डबा, मग धुणी-भांडी, दुपारी शिवणकाम, संध्याकाळी पुन्हा चूल. भाऊ तिच्याहून वर्षाने लहान. तो त्याच रस्त्याने सायकलवर त्याच शाळेत जातो. रस्ता खराब आहे, दिवस खराब आहेत, हे सगळं मुलीच्या बाबतीतच खरं ठरतं आणि मुलाच्या बाबतीत खोटं, हे कसं? पुढच्या वर्षी तिच्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात झाली. लग्नाचं कायदेशीर वय अठरा आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“तुमच्यासारखंच” या शब्दाचा मला राग आला. पण नुसता राग येऊन उपयोग नाही. बाहेरच्या माणसाने आमचं घर आणि ते घर यांतला फरक ओळखायचा कशावरून? दोन्हीकडे मूल घरीच आहे. दोन्हीकडे आईबाप म्हणतात, “आम्ही शिकवतो.” फरक दाखवायची जबाबदारी आमच्यावर आहे.

कायदा इथे फारशी मदत करत नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आलं आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १० सांगतं की पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पण हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा नाही. ‘सक्ती’ आहे ती कलम ८ प्रमाणे सरकारवर: मुलाचं नाव पटावर आणणं, त्याची हजेरी आणि त्याचं शिक्षण पुरं होणं याची खातरी सरकारने करायची. घरी शिकवणाऱ्यांसाठी या कायद्यात वेगळी तरतूदच नाही. आम्ही कुणाला कळवायचं नाही, कुणी आम्हाला विचारायचं नाही. या फटीत आमचं घर सुखाने राहतं आणि त्याच फटीत ती मुलगी हरवते. वर चौदा वर्षं पूर्ण झाली की कायद्याचं संरक्षण संपतं, आणि मुलींना शाळेतून काढलं जातं ते नेमकं त्याच वयात.

आमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्याआधी १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं होतं. ही माणसं आईबापांची वैरी नव्हती. सगळं आईबापांच्या मर्जीवर सोडलं तर कुणाच्या मुलांच्या हाती पाटी येईल आणि कुणाच्या मुलींच्या हाती लाटणं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आज ‘पालकांचं स्वातंत्र्य’ हा शब्द ऐकला की मला तो एक रुपया आठवतो.

आता हिशेब म्हणजे काय, ते सांगते. आमचाच देते.

सकाळी आठ ते अकरा अभ्यास. पुस्तकं बालभारतीची, ती संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. विज्ञानाचं पुस्तक आम्ही मराठी आणि उर्दू असं दोन्ही समोर ठेवतो, म्हणजे मुलीला ‘प्रकाशसंश्लेषण’ही कळतं आणि ‘झियाई तालीफ’ही. मराठी ही तिच्या गावाची आणि कचेरीची भाषा आहे, उर्दू तिच्या नानीची. एकीसाठी दुसरी सोडायची गरज आम्हाला वाटली नाही. इंग्रजी रोज अर्धा तास, मोठ्याने वाचून.

गणित पुस्तकातून होतं आणि गावातूनही होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि पाणी सुमारे ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार होती. मुलीने भागाकार केला: माणशी सव्वा लिटरच्या जरा वर. ती म्हणाली, “अम्मी, एवढ्या पाण्यात तर एका माणसाचा दिवससुद्धा निघत नाही.” भागाकार तर झालाच, पण वर्तमानपत्रातला मोठा आकडा कसा वाचायचा हेही त्या दिवशी ती शिकली. अपूर्णांक सतारीच्या तारेवर झाले. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारखाने आमच्यापासून चार गल्ल्यांवर. तार निम्म्यावर दाबली की वरचा सा लागतो, दोन-तृतीयांश ठेवली की पंचम, तीन-चतुर्थांश ठेवली की मध्यम. आठ वर्षांच्या मुलाला १/२ मोठा की २/३, हे पुन्हा शिकवावं लागलं नाही.

संध्याकाळी माझी अम्मी दोघांना अर्धा तास कुराण शिकवते, अर्थासह. ते गणिताच्या वेळेत होत नाही आणि त्यासाठी दुसऱ्या कुठल्या पुस्तकातली पानं चिकटवली जात नाहीत. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. एनसीईआरटीने आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी सरकारवर टीका केली, आणि ती योग्यच होती. मग तोच धडा घरात गाळणाऱ्या आईबापांना आपण काय म्हणणार? माझ्या मते घरशिक्षणाचा नियम साधा आहे. आईबापांना अभ्यासक्रमात भर घालायचा अधिकार आहे. वगळायचा नाही. मूल मोठं होऊन जे नाकारायचं ते नाकारील, पण त्याआधी ते त्याच्यासमोर आलेलं असलं पाहिजे.

घरकामही वेळापत्रकात लिहिलेलं आहे. मुलगी चपात्या लाटते, मुलगा भांडी विसळतो आणि कांदे-बटाटे आणतो. तासांची बेरीज दोघांची सारखी. वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं आहे, येणाराजाणारा वाचतो. त्या दुसऱ्या घरात भाऊ-बहिणीचे तास असे शेजारीशेजारी लिहून लावले असते, तर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नसतं.

आणि शाळा सोडल्याने मुलांचं काय जातं, हेही हिशेबात धरावं लागतं. मैदान जातं. वीस-पंचवीस वेगवेगळ्या घरांतली पोरं एका बाकावर भेटतात, ते जातं. आम्ही ते वाचनालय, पोहण्याचा तलाव आणि गल्लीतलं क्रिकेट यांनी भरून काढायचा प्रयत्न करतो, तरी तूट राहते. ज्या घरात पैसा कमी आहे तिथे याहून जास्त जातं: दुपारचं जेवण, फुकट पुस्तकं, आणि खेड्यातून येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मिळणारा एसटीचा मोफत पास. हे सगळं शाळेच्या पटाला बांधलेलं आहे. पटावरून नाव गेलं की हेही जातं.

यावर तीन आक्षेप मी नेहमी ऐकते.

पहिला: सरकारी शाळा धड चालत नाहीत, मग सरकारने आम्हाला का विचारावं? शाळेला जाब विचारायलाच हवा, मीही विचारते. पण शाळेत शिकवत नाहीत हे मुलीला घरातही न शिकवण्याचं कारण होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तपासणी सुरू झाली की अधिकारी आधी मुसलमानांच्याच दारात येतील. ही भीती कल्पनेतली नाही. फ्रान्समध्ये पूर्वी घरशिक्षणासाठी नुसतं कळवणं पुरेसं होतं. २०२१ च्या कायद्याने परवानगी बंधनकारक केली. अध्यक्ष मॅक्रॉन यांनी या मुद्द्याची घोषणा केली ती २ ऑक्टोबर २०२० च्या ‘इस्लामी फुटीरतावादा’वरच्या भाषणात. संशयाच्या पायावर उभा केलेला असा कायदा आपल्याला नको. पण दुसऱ्या टोकाला अमेरिकेतलं टेक्सास राज्य आहे, जिथे आईबापांनी कुणाला कळवायचीसुद्धा गरज नाही. तिथे एखादं मूल काहीच शिकत नसेल तर ते कुणाला कळायचं? तेही आपल्याला नको. नियम सगळ्यांना एकच असावा, पुण्यातल्या उच्चभ्रू सोसायटीतल्या घरालाही आणि मिरजेच्या मोहल्ल्यातल्या घरालाही. तपासायचं ते मुलाला काय येतं एवढंच. कपडे, नमाज, स्वयंपाकघर यांत कुणी डोकावू नये. आणि उद्या कुणी संशयाने दार वाजवलंच, तर नोंदणीचा कागद आपल्याच हातात असेल. नोंद नसलेलं घर जास्त असुरक्षित आहे.

तिसरा आक्षेप: रस्त्यावर मुलगी सुरक्षित नाही. मग रस्ता दुरुस्त करायला भांडा. चार मुलींनी मिळून जायची सोय करा, पाळीपाळीने एका बापाने सोबत जावं. मुलीला घरात बसवल्याने रस्ता सुरक्षित होत नाही. उलट पुढच्या मुलीला तो आणखी ओसाड मिळतो.

तेव्हा मागण्या अशा. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात घरशिक्षणाची वेगळी नोंद सुरू व्हावी, फी न घेता. वर्षातून एकदा जवळच्या शाळेतल्या दोन शिक्षकांनी, त्यांत एक बाई असाव्यात, मुलाला भेटावं आणि त्याच्याशी आईबापांविना बोलावं. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या पातळीवर मूल्यमापन व्हावं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत या तीन पातळ्या आधीपासून आहेत, नवं काही उभारावं लागणार नाही. आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलीची विचारपूस अठराव्या वर्षापर्यंत शाळेने करावी. मुक्त विद्यालयाची पावती दाखवली म्हणून फाइल बंद करू नये. मुक्त विद्यालय चांगलंच आहे. दहावीसाठी तिथे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि काम करून शिकणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे. पण संधी घेणारी मुलगी परीक्षेला बसली का, हे कुणीतरी पाहिलं पाहिजे. आणि शेवटची मागणी: मूल म्हणालं “मला शाळेत जायचंय”, तर तो शब्द अखेरचा. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेबाहेरच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो. आमच्या मुलांना हे कलम माहीत आहे. आम्हीच वाचून दाखवलं.

सरकार हे कधी करील ते करो. तोवर एक काम आपल्याला करता येतं. आपल्या नात्यात, गल्लीत एखादी मुलगी ‘घरी शिकते’ असं कानावर आलं, तर तिच्या घरी जा, तिच्याशीच बोला आणि तीन गोष्टी विचारा. या आठवड्यात काय शिकलीस? वही दाखवतेस का? तुझा भाऊ या वेळी कुठे असतो? उत्तरं मिळाली तर चहा पिऊन, शाबासकी देऊन या. नाही मिळाली तर पुन्हा जा. लोक नावं ठेवतील, “दुसऱ्याच्या घरात नाक खुपसते” म्हणतील. म्हणू देत. आमच्याही घरी या, दार उघडं आहे.