प्रवाळाचा मारेकरी कोण?

१/११
“अडाणी मच्छीमारांनी आपल्याच समुद्राची माती केली.” प्रवाळ खडकांच्या नाशाची चर्चा निघाली की हे वाक्य ठरलेले. चित्रही ठरलेले: लहानशी होडी, उघड्या अंगाचा माणूस, हातात स्फोटकांची बाटली. फिलिपिन्सच्या गेल्या शतकाचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. #थ्रेड

२/११
आधी हानीचे स्वरूप पाहू. प्रवाळ खडक ही सूक्ष्म जीवांनी चुन्याचे थर रचून उभारलेली वस्ती असते. घनाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो. पाण्यात स्फोट झाला की तो ढासळतो आणि माशांच्या पोटातील हवेची पिशवी फुटते. काही मासे तरंगतात. पुष्कळसे तळाशी जाऊन वाया जातात.

३/११
त्याहून मोठी हानी नंतरची. फुटलेले तुकडे प्रवाहाबरोबर तळाशी गडगडत राहतात. त्यांवर रुजू पाहणारे कोवळे प्रवाळ त्याच गडगडण्यात चिरडले जातात. क्षणभराच्या स्फोटाची शिक्षा तो तळ अनेक दशके भोगतो.

४/११
हे हत्यार आले कोठून? आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपान आणि अमेरिका फिलिपिन्सच्या भूमीवर लढले. दोघे परतले, न फुटलेला दारूगोळा मागे उरला. त्यातील दारू मासेमारीत शिरली आणि सुरुंगाची मासेमारी फोफावली. तो साठा सरल्यावर खतातील अमोनियम नायट्रेट आणि रॉकेल बाटलीत आले.

५/११
दुसरी पद्धत ‘मुरो-आमी’. ओकिनावाच्या मच्छीमारांनी ती महायुद्धापूर्वी तेथे नेली. दोरीला दगड बांधून पोहणाऱ्यांच्या रांगेने प्रवाळावर ते आपटायचे आणि बिथरलेले मासे जाळ्याकडे हाकायचे. जहाजमालक गरीब गावांत उचल देऊन शेकडो पोहणारे नेत. त्यांत मुलेही असत. उचल म्हणजे काय, हे ऊसतोडणी पाहिलेल्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

६/११
तिसरे साधन सायनाइड. १९६० च्या दशकात शोभेच्या माशांच्या निर्यातीसाठी ते वापरात आले. पुढे हाँगकाँगच्या उपाहारगृहांना टाकीत पोहणारा जिवंत गोबरा हवा झाला. मेलेल्या माशापेक्षा जिवंत माशाला कितीतरी अधिक भाव. मग प्रवाळाच्या कपारीत विष फवारायचे आणि गुंगलेला मासा काढण्यासाठी पहारीने कपार फोडायची.

७/११
कायदा नव्हता काय? होता. अमेरिकी राजवटीतील १९३२ च्या मत्स्यकायद्यानेच मासेमारीत स्फोटके आणि विष यांवर बंदी घातली होती. मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या काळात, १९७४ मध्ये, शिक्षा अधिक कठोर झाल्या. १९८६ मध्ये मुरो-आमीवर बंदी आली. १९९८ च्या मत्स्यसंहितेने पुन्हा तेच बजावले. बंदीवर बंदी येत गेली आणि स्फोटही चालू राहिले.

८/११
कोणी म्हणेल, बाटली फेकणारा हात तर मच्छीमाराचाच. खरे आहे, आणि त्याच्या गरिबीचे कारण पुढे करून तो गुन्हा पुसता येत नाही. त्याचा पहिला फटका शेजारच्या, गळ टाकून पोट भरणाऱ्या मच्छीमारालाच बसतो. परंतु होडीत सापडतो तो हात. उचल देणारा, विष पुरवणारा आणि माल उचलणारा किनाऱ्यावर कोरडाच राहतो.

९/११
मग उपाय? दोन बेटांचा इतिहास शेजारी ठेवून पाहावा. सिलिमन विद्यापीठाच्या पुढाकाराने १९७४ मध्ये सुमिलोन बेटाचा एक भाग मासेमारीस बंद झाला. परंतु शेजारच्या गावांनी ते संरक्षण आपले मानले नव्हते. १९८४ मध्ये ते मोडले. मासेमारीला अधिक जागा मोकळी झाली, तरी पुढील दोनेक वर्षांत बेटाभोवतीची एकूण पकड जवळपास निम्म्याने घटली.

१०/११
आपो बेटावर प्रा. आंखेल अल्काला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गावकऱ्यांशी बोलणी केली. १९८२ मध्ये गावाने स्वतःच किनाऱ्याचा एक लहान भाग राखून ठेवला आणि पहाराही स्वतःच दिला. पुढे बेटाभोवती सुरुंग, विष आणि मुरो-आमी तिन्ही बंद झाली. राखलेल्या भागात मोठे मासे वाढत गेले. ज्यांना अडाणी म्हटले जाते त्याच मच्छीमारांचे हे काम.

११/११
आपोच्या धर्तीवर देशात शेकडो राखीव क्षेत्रे निघाली. त्यांतील अनेक कागदावरच राहिली. गावाला हक्क न देता केवळ फलक लावला की असेच होते. प्रवाळ वाचवायचा तर समुद्राची राखण त्याच्यावर जगणाऱ्यांच्या हाती द्यावी लागेल आणि चौकशी होडीपाशी न थांबवता खरेदीदाराच्या टाकीपर्यंत न्यावी लागेल. तोवर ‘अडाणी मच्छीमार’ हा शब्दप्रयोग खऱ्या लाभार्थ्यांना झाकणारा पडदाच ठरेल.